तुटायच्या आधी

सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की मला भीती वाटायला लागते. आता यात भिण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पाऊस सरलेला असतो, ऊन पुन्हा पोळायला लागलेलं असतं, रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्या पसरून लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि मळणीचा भुसा अख्ख्या धाराशिवच्या नाकात गेलेला असतो. लोक दिवाळीच्या तयारीला लागतात. मी मात्र वर्गात धातूंचे गुणधर्म शिकवता शिकवता मधेच थांबते, कारण बाहेर कुठंतरी ट्रॅक्टरनं फट्ट केलेलं असतं. पोरं एकमेकांकडं बघतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणालीसुद्धा, "मॅडम, ट्रॅक्टर आहे." मी म्हटलं, "माहिताय गं बाई," आणि फळ्याकडं वळले. चेहरा दिसायला नको म्हणून.

मी तेरखेड्याची. गावाचं नाव सांगितलं की जिल्ह्यातला माणूस लगेच विचारतो, "फटाक्याचं तेरखेडा?" हो, तेच. माझे वडील, आप्पा, माळावरच्या एका कारखान्यात मसाला कालवायचे. कारखाना म्हणजे धुराडं आणि भोंगा नव्हे. लांब लांब बांधलेल्या एकेकट्या खोल्या, मधे मोकळी जागा, चार कडुनिंब आणि पाण्याचे हौद. बाया नळ्या भरायच्या, वाती लावायच्या, पुडे बांधायच्या. मसाल्याची खोली सगळ्यांत टोकाला, आणि तिच्यात एका वेळी एकच माणूस. होस्टेलवर मैत्रिणींना मी मोठ्या थाटात सांगायचे, "आमचे आप्पा दारू कालवतात," कारण गावात बारुदीला दारूच म्हणतात. त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मग खुलासा केला की आणखीच बघण्यासारखे व्हायचे.

कालवायचं काम पाऊण तासाचं. ऊन चढायच्या आधी, हवेत जरा ओल आहे तोवर उरकायचं. अंगावर सुतीच कपडा, खिसे रिकामे, कमरेला चावीसुद्धा नाही, पाय अनवाणी. अंगातली वीज उतरावी म्हणून दारातल्या ओल्या मातीवर दोन्ही तळहात टेकवायचे आणि मग आत जायचं. आप्पा आत असले की त्यांच्या नावानं कुणी हाक मारायची नाही, मालकानंसुद्धा नाही. हाक ऐकली की माणूस मान वळवतो, आणि मान वळली की हात हलतो. ते परत येईपर्यंत आमच्या घरात गॅस पेटत नसे. सगळ्या तेरखेड्यात असं होतं की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडं होतं. बिनचहाचा अभ्यास करायची सवय मला तेव्हापासूनची.

जिनं लहानपणी एवढं बघितलं तिनं मोठेपणी बँकेची परीक्षा द्यावी की नाही? पण हात दाखवून अवलक्षण करायची खोड आमच्या रक्तातच आहे. मी पुण्याला जाऊन टायटॅनियमच्या भुकटीवर संशोधन धरलं. विमानात, माणसाच्या कृत्रिम खुब्यात, जिथं हलकं पण दणकट काही हवं तिथं हा धातू लागतो. आमचं यंत्र तो ओतत नाही की ठोकत नाही. भुकटीचा केसाएवढा पातळ थर पसरायचा, त्यातला हवा तेवढाच भाग लेझरनं वितळवायचा, पुन्हा थर, पुन्हा लेझर. असे थरावर थर चढत गेले की भुकटीच्या ढिगातून वस्तू तयार होऊन येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रांगोळी आठवली होती. पण रांगोळी पेटत नाही. ही भुकटी पेटते.

पहिल्या दिवशी तिची बरणी मी दोन्ही हातांनी धरली. तिथले नियम ऐकून तर हसावं की रडावं कळेना. अंगावर सुती कपडा. मनगटाला तार, तिचं दुसरं टोक जमिनीत. खिसे रिकामे. कुणी काम करत असेल तर मागून हाक मारायची नाही. वाटलं, एवढं शिकून मी आप्पांच्याच खोलीत येऊन बसले. फोनवर सांगितलं तर आप्पांनी एकच गोष्ट विचारली.

"पाणी कुठं ठेवता?"

"पाणी न्हाय आप्पा, कोरडी वाळू. ह्या धातूला आग लागली आणि पाणी घातलं तर जास्तच भडकतो."

आप्पांनी "कोरडी वाळू" असं एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी आमच्यापरीस वंगाळ हाय. जपून ऱ्हा माय."

माझं काम होतं त्या धातूला आणखी ताकद आणायचं. त्यासाठी आम्ही त्यात बोराइडची काळी भुकटी मिसळायचो. वितळताना ती धातूत विरते आणि तिच्या बारीक बारीक सुया तयार होतात. त्या सुया धातूला आतून धरून ठेवतात. ताकद वाढली, भरपूर वाढली. पण त्याचबरोबर तन्यता गेली. तन्यता म्हणजे तुटायच्या आधी ताणलं जायची तयारी. ती तपासायची रीत साधी आहे. डमरूसारखा तुकडा करायचा, दोन्ही टोकं जाड, मधला भाग बारीक. तो यंत्राच्या जबड्यात धरून हळूहळू ओढायचा. चांगला धातू लांबतो, मधली मान आणखी बारीक होते, आता जाणार असं डोळ्यांना दिसतं आणि मग तो तुटतो. माझे तुकडे असलं काही करत नव्हते. ओढत राहावं, काटा चढत राहावा, सगळं ठीक वाटावं आणि एकदम काड्‌! दोन तुकडे. मी प्रत्येक वेळी दचकायचे. बरोबरचा मंदार, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, हसायचा. म्हणायचा, "ताई, तुमच्या गावात तर रोज आवाज असतील." त्याला काय सांगणार, आमच्या गावात आवाज होऊ नये म्हणूनच सगळी धडपड असते.

कमी ताकदीचा धातू एक वेळ परवडला, पण न सांगता तुटणारा नको. वस्तू आधी वाकली, ताणली गेली तर माणसाला निदान बाजूला व्हायला वेळ मिळतो. हे मी आज पोरांना फळ्यावर आलेख काढून शिकवते.

अडचण कालवण्यात होती, हे आम्हाला लवकर कळलं. टायटॅनियमचे कण गोल असतात, म्हणून तर ते सरासर पसरतात. बोराइड त्यांच्याहून फार बारीक. दोन्ही एकत्र करून आत पोलादी गोळ्या असलेल्या फिरत्या डब्यात जोरात घोळलं तर गोल कण चेपायचे, मग थर नीट पसरायचा नाही आणि आत पोकळ्या राहायच्या. हलक्या हातानं हलवलं तर बोराइडच्या गुठळ्या राहायच्या आणि त्या गुठळीपासूनच तडा निघायचा. मी तीन वर्षं ह्यातच घालवली. आप्पांना फोनवर कितीदा विचारलं, "तुम्ही कसं कालवता हो?" दर वेळी उत्तर एकच. "ही काय फोनवर सांगायची गोष्ट हाय व्हय? आन तुला कशाला पायजे? जेवलीस का?"

त्या वर्षी नवरात्र बसलं आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी मला घरी धाडलं. म्हणाले, यंत्रावर महिनाभर मंदारचं काम चालेल, तू घरी बसून प्रबंध लिहायला घे. चेहरा पडलेला बघून वर म्हणाले, "जमलं नाही, हेसुद्धा लिहिता येतं." मी एसटीत बसून येरमाळ्यापर्यंत ते वाक्य चघळत आले. डोंगरावरच्या देवीला खिडकीतूनच हात जोडले आणि म्हटलं, बाई, माझं जे व्हायचं ते होऊ दे.

गावात हंगाम ऐन रंगात होता. दिवाळी तोंडावर, मागणी भरपूर, बायांना सकाळपासून मान वर करायला सवड नाही. आमच्या घरामागं राहणारी छबुमावशी कारखान्यात वाती बांधायची आणि मसाल्याच्या खोलीच्या दारातून तयार मसाला उचलून न्यायचं कामही तिच्याकडंच होतं. मला बघून म्हणाली, "आत्ता गं बया! आलीस व्हय? अगं, लगीन कवा करायलीस? का धातूसंगटच सात फेरे घेणार हाईस?" मी म्हटलं, "मावशी, धातू तरी कुठं टिकायलाय." ती खदखदा हसली. छबुमावशी हसली की वाडीवस्तीला कळतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी आप्पा आपणहून म्हणाले, "तुला कालवणं बघायचं होतं न्हवं? आण रवा. आन हळद."

मी उडीच मारली. आई म्हणाली, "अवो, चांगला निवडलेला रवा हाय." आप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. पडवीत जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर रव्याचा ढीग केला, वर चमचाभर हळद चाळणीतून सोडली. म्हणाले, "रगडायचं न्हाय. घोळसायचं बी न्हाय. लोळवायचं." कागदाचं एक टोक धरून त्यांनी समोरच्या टोकापर्यंत नेलं. ढीग आपल्याच अंगावर लोळत गेला. मग दुसरं टोक. मग तिसरं. घाई नाही, जोर नाही. मधेच एकदा चाळणीतून काढलं आणि पुन्हा लोळवणं. मी पोटावर पडून रव्याला नाक लावून बघत होते. रव्याचा एकही दाणा मोडला नव्हता आणि प्रत्येक दाणा पिवळा झाला होता. गुठळी औषधालाही नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख झालं. गोल कण चेपायचाच नाही, त्याच्या अंगाला नुसतं चढवायचं! मग सुया कणांच्या कडेकडेनं जाळी धरतील आणि मधला धातू ताणायला मोकळा राहील.

आणि तेव्हाच मला ते दिसलं. डावं टोक उचलताना कागद थरथरत होता. वारा नव्हता. आप्पांचा अंगठा हलत होता, आपल्या आपण, बारीक बारीक, आणि त्या हलण्यानं हळदीचा धुरळा कागदाच्या कडेवरून उडत होता. आप्पांनी टोक खाली ठेवलं, हात मांडीखाली घातला आणि माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघितलं.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.

आणि उठून मंदारला फोन लावला.

ह्या वाक्यापाशी मी दर वर्षी येऊन अडते. मी फोन लावला. पाऊण तास बोलले. किती वेळ, कसा कोन, मधे किती वेळा चाळायचं, डबा किती हळू फिरवायचा, गोळ्या घालायच्याच नाहीत, सगळं मंदारला दोन-दोनदा सांगितलं. वहीत चित्र काढलं. त्या वहीत कागदाची चारी टोकं आहेत, बाण आहेत, रवा आणि हळद अशी नावंसुद्धा आहेत. अंगठ्याबद्दल एक अक्षर नाही.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. आप्पांच्या खोकल्यानं जाग यायची. कडी वाजायची, चपला बाहेरच्या बाहेर माळाकडं जायच्या. मी गोधडीत तशीच पडून राहायचे आणि कान नुसते माळाकडं. महामार्गावर ट्रकचं टायर फुटलं, की गेला जीव. कुणाच्या पोरानं सुतळी बॉम्ब लावून बघितला, की गेला जीव. मळणीयंत्र अडकून धडधडलं, की उठून बसायचे. खोलीत आत्ता ते डावं टोक उचलत असतील. आत्ता तिसरं. आत्ता चाळणी. दारापाशी छबुमावशी येऊन थांबली असेल, पलीकडच्या खोलीत सात-आठ बाया मांडी घालून बसल्या असतील. हळद उडाली तर फार तर शिंक येते. ते रोज जे लोळवत होते ते हळद नव्हतं.

पाऊण तासानं आप्पांचा खोकला गल्लीत ऐकू यायचा. मग मी उठायचे, तोंड धुवायचे आणि जशी काही छान झोप झाली, अशी चहाला जाऊन बसायचे.

का नाही बोलले? आजवर स्वतःला हजार कारणं सांगून झालीत. आप्पांचा मान. अख्ख्या माळावर त्यांच्या हाताचं नाव होतं. नवा कारागीर चुकला की मालक म्हणायचे, "आप्पाचा हात बघ जरा." ऐन हंगाम, त्यात मी पुण्याहून येऊन सांगणार, की बाबांनो, ह्या माणसाचा हात गेला? मला वाटायचं, कदाचित उपाशीपोटी थरथरत असेल. कदाचित वयानं. कदाचित मला भास झाला असेल. माणूस भ्याला की त्याला फार अक्कल सुचते आणि ती सगळी गप्प बसण्याच्या बाजूची असते. एकदा छबुमावशी दारात आली तेव्हा मी तोंड उघडलंसुद्धा होतं. "मावशी, तू तिथं दाराशी किती वेळ थांबतीस गं?" ती म्हणाली, "का गं? तुझ्या बापाला काय पळवून नेतीय का म्या?" मी हसले आणि मूग गिळून बसले. तिची धाकटी तेव्हा दहावीला होती.

खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं आणि ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी खूश होते. तीन वर्षांनी पहिल्यांदा मला रस्ता दिसला होता, आणि रोज संध्याकाळी मंदारचा फोन यायचा. भुकटी छान पसरतेय, थर एकसारखे बसतायत, तुकडे निघाले, उद्या घासायला देतो. सकाळी मरणाची भीती आणि संध्याकाळी हा आनंद, असे ते पंधरा दिवस गेले. दोन्ही एकाच पोटात कसे मावले, देव जाणे.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी मंदारचा फोन आला तो ओरडतच. "ताई, लांबला! मान बारीक झाली, डोळ्यांनी बघितली मी! मग तुटला. आणि ताकद फारशी उतरली नाही." मी अंगणात गोल गोल नाचले. आप्पा बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर फतकल मारली आणि सगळं सांगितलं, हातवारे करून. आधी कसा काड्‌कन तुटायचा, आता कसा ताणला जातो, कसा दाखवतो.

आप्पांनी ऐकून घेतलं. "म्हंजी आता तुटायच्या आधी सांगतो म्हण की."

"हो, आप्पा! सांगतो!"

"आन सांगितलं तर? ऐकणारं कुणी असतंय का तितं?"

मी हसतच होते. हसू तोंडावरच राहिलं. आप्पांनी डावा हात मांडीखालून काढला आणि माझ्यासमोर धरला. संध्याकाळच्या उजेडात तो आता स्पष्ट हलत होता.

"तीन वर्सं तू इचारत हुतीस, म्या टाळलं. त्या दिशी आपणहून रवा मागितला, त्यो का? माझ्या तोंडानं निघंना माय. ज्याच्या हातावर सगळा माळ इसंबून, त्यानं कसं म्हणावं हात गेला म्हून? म्हटलं, लेक हाय. तिचं कामच हाय ते, कोन कवा तुटतंय बघायचं. ती बघंल आन बोलंल. तू बघितलंस. तू बघितल्यालं म्या बघितलं." त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घातला. "आन तू पुण्याला फोन लावलास."

 खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडूसुद्धा आलं नाही. नुसती थंडी वाजली.

"रोज सकाळी जाताना वाटायचं, आज आडवी येशील. रोज. कडी मुद्दाम वाजवून जायचो." त्यांचा आवाज चिडका नव्हता, तो चिडका असता तर बरं झालं असतं. "पंधरा दिस भीत भीत आत गेलो गं. त्या बायांची लेकरं डोळ्यांम्होरं यायची. तू का गप बसलीस?"

"मी पण भीत होते आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "ते बी दिसायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून मालकाकडं गेलो. मालक ऐकून खाली बसले. डोक्याला हात लावून म्हणाले, "आप्पा, आधी का न्हाय सांगितलं?" मला वाटलं, आता माझं नाव निघणार. आप्पा म्हणाले, "आता सांगितलं न्हवं?" आणि विषय तिथंच मिटवला. नंतर बार्शीला डॉक्टरांना दाखवलं. कंपवाताची सुरुवात म्हणाले. गोळ्या चालू झाल्या, अजून चालू आहेत. परवा फोनवर आप्पा म्हणाले, गोळी घेतली की घास तेवढा तोंडात नीट जातो, बाकी काय करायचं आहे आता ह्या हातानं.

पण मसाला कोण कालवणार? मालकाच्या मनात बाहेरगावचा एक गडी होता. आप्पांनी हट्ट धरला, आधी हात बघू. मग आमच्या पडवीत चार दिवस रवा आणि हळद. दोन कारागीर आले, मालकाचा पुतण्या आला. कुणाची गुठळी राहिली, कुणी घाई केली, पुतण्यानं तर हळद स्वतःच्याच डोळ्यात घालून घेतली. इतकी वर्षं त्या खोलीच्या दारातून मसाला वाहून नेणारी छबुमावशी आमच्या दारात उभी राहून हे बघत होती. म्हणाली, "सरका की, म्या बघते." बायकांनी मसाला कालवल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. ती बसली, पदर खोचला, कागदाचं टोक उचललं. वीस वर्षं वाती बांधलेला हात तो. ढीग असा लोळत गेला की आप्पांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "हिलाच." आम्ही आठवडाभर पिवळा उपमा खाल्ला. आई म्हणायची, संशोधन संपलं असलं तर माझा डबा भरून द्या.

छबुमावशी आजही कालवते. हाताखाली आता आणखी एक बाई तयार केलीये तिनं, आणि पहिला दिवस तिचा पडवीतच गेला, रव्यावर. माझा प्रबंध पूर्ण झाला, नोकरी लागली. आमचे तुकडे पुढं भट्टीत सावकाश तापवून आणखी ताणले जायला लागले, पण तो विषय निराळा. वर्गात मी पोरांना सांगते, धातूला ताकद द्यायची तर देता येते, पण तो आधी सांगेल अशी सोय ठेवा. पोरं लिहून घेतात. ऐकणाऱ्याची सोय कशी ठेवायची, हे मात्र मला अजून शिकवता येत नाही. म्हणून मग ट्रॅक्टर वाजला की मी थांबते.

आता हे सगळं नीट झालं म्हणून सांगते आहे. छबुमावशीच्या पहिल्या सकाळी ते कुणाला ठाऊक होतं? ती अनवाणी माळाकडं गेली तेव्हा जाताना आप्पांच्या पाया पडली. आप्पांना कारखान्यात थांबता येत नव्हतं, कारण ज्याचं काम नाही त्यानं त्या वेळी तिथं असायचं नाही, हा त्यांचाच नियम. ते घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. माळाकडं तोंड करून. आमच्या घरात त्या वेळेला आप्पा असल्याचं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. ते उठले, अंगणात गेले, परत आले. पाणी प्यायले. पुन्हा गेले. कुठंतरी पत्र्यावर काही आपटलं, तसे ते एकदम भिंतीला टेकले. माझं त्यांच्याकडं बघणं होईना.

"म्या शिकवलंय तिला," ते म्हणाले. कुणालाच नाही, नुसतंच. "काय झालं तर म्या शिकवलंय."

आई तिथंच पडवीत बसून तुरीची डाळ निवडत होती. आप्पा वळले आणि तिच्याकडं बघत राहिले, ओळख पटत नसावी तसे.

"आत असलं की भ्या वाटत न्हाय गं इतकं," ते तिला म्हणाले. "आत काम असतंय. भाईर लई वाटतंय. तू कशी बसत हुतीस? इतकी वर्सं?"

आईनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"बसा गप," ती म्हणाली. "आजून अर्धा तास हाय."